आधी कान, मग जीभ: खास जेवणासाठी छोटं हॉटेल निवडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: आईवडिलांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत. घरचेच सातजण, त्यात सत्तरीतले आई-बाबा आणि ९ वर्षांची एक मुलगी. शहरात छोटं, निवांत आणि खिशाला चटका न लावणारं हॉटेल हवंय. चार ठिकाणं काढून ठेवलीत, चारही ठिकाणांना ऑनलाइन अभिप्रायांत साडेचार तारे आहेत, आणि त्यापुढे गाडी सरकत नाही. छतावरचं हॉटेल चालेल का, हेही विचारलंय.

मी २२ वर्षं हॉटेलच्या फ्लोअरवर काढली. सुरुवात उष्टी ताटं उचलण्यापासून, मग वेटर, मग कॅप्टन, शेवटची काही वर्षं मॅनेजर. त्या भरवशावर सांगतो, तुमच्या चारही ठिकाणी जेवण बरंच असणार. साडेचार तारे टिकवून असलेल्या जागी जेवण अगदीच वाईट निघणं अवघड. अशा संध्याकाळी बिघडतात त्या दुसऱ्याच गोष्टींनी, आणि त्यात पहिला नंबर आवाजाचा.

माझ्याच हातून झालेली गोष्ट. आठजणांचं कुटुंब आलं होतं, आजींचा वाढदिवस होता. हॉल भरलेला, मी त्यांना सर्व्हिस स्टेशनला लागून असलेलं टेबल दिलं. सर्व्हिस स्टेशन म्हणजे जिथे आम्ही ताटल्या रचतो, चमचे पुसतो, ग्लास भरतो. आजी दोन तास हसून मान डोलवत होत्या. मला वाटलं, मजेत आहेत. निघताना नात मागे थांबली आणि म्हणाली, "आजीला एक अक्षर ऐकू आलं नाही, पण तिने कुणाला कळू दिलं नाही." जेवणाबद्दल तक्रार नव्हती. बिलही वाजवी होतं. तरी त्या दिवसापासून वयस्कर माणूस दारातून आत आला की मी आधी टेबलं मोजायचो आणि मग मेनूकार्ड उचलायचो.

असं का होतं, तर वय वाढतं तसे वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. स, श, फ यांसारखी व्यंजनं वरच्या पट्टीत असतात, ती निसटतात. त्यामुळे बोलणं सुरू आहे हे समजतं, पण "साठ" म्हणाले की "आठ" ते समजत नाही. शांत घरात मेंदू संदर्भावरून जुळवून घेतो. मागे चमच्यांचा खणखणाट सुरू झाला की ते जुळवणं संपतं आणि माणूस मान डोलवायला लागतो.

त्यात आणखी एक भर. १९११ मध्ये एतियेन लोंबार या फ्रेंच कान-नाक-घसा तज्ज्ञाने नोंदवून ठेवलंय की भोवती गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. एका टेबलाने चढवला की शेजारचं चढवतं, मग तिसरं. संगीताचा आवाज कुणी वाढवत नाही आणि तरी तासाभरात हॉल ओरडत असतो. फ्लोअरवर आम्हाला ती वेळ घड्याळ न पाहता कळायची: ऑर्डर घेताना कमरेत वाकावं लागायला लागलं की समजायचं, हॉल भरला.

म्हणून निवडून ठेवलेल्या जागांचे फोटो पुन्हा उघडा आणि ताटांकडे न बघता वर बघा, छताकडे. उघडं सिमेंट, उघडे पाइप, खाली गुळगुळीत फरशी, एका बाजूला अखंड काच, टेबलांवर कापड नाही, खुर्च्या लोखंडी. फोटोत हे फार देखणं दिसतं, आणि आवाजाला मुरायला जागा कुठेच उरत नाही. याचं शास्त्र जुनं आहे. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहात कुणाचं बोलणं कळेना, तेव्हा वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाने जवळच्या नाट्यगृहातल्या बसायच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, थोड्या थोड्या मांडल्या आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजत गेला. रिकाम्या हॉलमध्ये आवाज पाच सेकंदांहून जास्त रेंगाळत होता, आणि गाद्या वाढतील तसा हा वेळ कमी होत गेला. खोली जितकी मोठी तितका आवाज रेंगाळतो, मऊ वस्तू जितक्या जास्त तितका लवकर मुरतो. हॉटेलला हेच लावा: पडदे, गालिचा, कापडाने मढवलेल्या खुर्च्या, पुस्तकांचं कपाट, बुटकं छत, छोट्या छोट्या खोल्या. जुन्या घराचं हॉटेल केलेलं असेल तर बहुतेक वेळा काम होतं, कारण भिंती पाडलेल्या नसतात.

फोनवर आवाज मोजायचं मोफत ॲप मिळतं. अगदी अचूक नसतं, पण तुलनेला चालतं. एक मीटरवरून केलेलं साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. हॉल भरलेला असताना आकडा ६५ च्या आत राहत असेल तर डोळे मिटून ती जागा घ्या. ७० च्या वर सगळ्यांना आवाज चढवावा लागतो. ७५ पार असेल तर आई-बाबांसाठी ती जागा बाद, मग तिथे स्वयंपाकी कितीही नामांकित असो.

दुसरी गोष्ट टेबलाची. लोक हॉटेल बुक करतात. खरं तर टेबल बुक करायला हवं. एकाच हॉटेलात एक टेबल स्वर्ग असतं आणि दुसरं स्वच्छतागृहाच्या वाटेवर असतं. प्रत्येक टेबलाला नंबर असतो, स्टाफ नंबरानेच बोलतो. तुम्ही प्रत्यक्ष जाऊन टेबल बघितलंत आणि "हे कितवं? हेच लिहून ठेवा" म्हणालात की समोरच्याला लगेच कळतं की हे गिऱ्हाईक डोळे उघडे ठेवून आलंय.

सातजणांना गोल टेबल मिळालं तर हो म्हणा. माणशी निदान ६० सेंटिमीटर कड लागते, नाहीतर कोपर कोपराला लागतं. १३५ सेंटिमीटर व्यासाचं टेबल सातजणांना जेमतेम पुरतं, १५० चं असेल तर मोकळं. त्याहून फार मोठं नको. १८० च्या टेबलावर समोरच्याशी बोलायला ओरडावं लागतं, मधे फुलदाणी असली तर विचारूच नका.

लहान हॉटेलांत गोल टेबल बहुतेक नसतंच. दोन-तीन चौकोनी टेबलं जोडून देतात. फोनवर हे आधी विचारा, "सातजण एका टेबलावर की जोडून?" जोडून असेल तर दोन गोष्टी बघा. जोडावर बसणाऱ्याच्या गुडघ्यात टेबलाचे पाय येतात, तिथे मुलीला बसवा, तिला काही फरक पडत नाही. आणि दुसरी, जी मी शेकडो वेळा चुकीची होताना बघितली: सत्कारमूर्तींना टेबलाच्या टोकाला बसवतात. मान म्हणून ठीक, ऐकण्यासाठी ती सगळ्यात वाईट जागा. दोन मीटरच्या टेबलाच्या टोकाला एकच शेजारी उजवीकडे, एक डावीकडे, बाकीचे हावभाव करताना दिसतात. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, आणि गोंगाटात तेवढं शब्द बुडायला पुरतं.

आई-बाबांना लांब बाजूच्या मधोमध बसवा, समोरासमोर. रॉबिन डनबर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये लोक गप्पा कसे मारतात याचं निरीक्षण प्रसिद्ध केलं होतं. एका संभाषणात साधारण चारच माणसं टिकतात, पाचवा आला की हळूहळू दोन गट पडतात. सातजणांत ते होणारच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मधे बसलेल्या माणसाला दोन्ही गटांत कान देता येतो, एवढा फायदा पदरात पाडून घ्या.

ज्यांना कमी ऐकू येतं त्यांची पाठ भिंतीकडे असावी, म्हणजे मागून गोंगाट येत नाही आणि सगळ्यांचे ओठ दिसतात. श्रवणयंत्र असेल तर मात्र त्यांनाच विचारा. काही यंत्रं समोरचा आवाज उचलतात आणि मागचा दाबतात, त्यांना हॉलकडे पाठ करून बसणं बरं पडतं. आणि मऊ सोफ्यावर सत्तरीतल्या माणसाला बसवू नका. फोटोत छान दिसतो, उठताना दोघांनी हात द्यावा लागतो. हात टेकायला दांडे असलेली खुर्ची मागा, असते.

टाळायच्या जागा पटकन सांगतो: स्वयंपाकघराचं दार, मुख्य दार, स्वच्छतागृहाची वाट, बिलाचं काउंटर, एसीचा झोत, आणि माझं ते सर्व्हिस स्टेशन.

उजेडाबद्दल फार लिहीत नाही. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. तुम्हाला जे "मंद आणि छान" वाटतं ते बाबांना अंधार वाटतं आणि मेनूकार्ड मोबाइलच्या टॉर्चने वाचावं लागतं. पिवळसर दिवे असू देत, पण टेबलावर स्वतःचा दिवा असावा. कुणाच्याही पाठीमागे झगझगीत खिडकी नको, त्याचा चेहरा काळा दिसतो.

आता पैसे. हॉटेलच्या धंद्यात पदार्थाच्या किमतीतला साधारण एक तृतीयांश भाग कच्च्या मालाचा धरतात. बाकी भाडं, पगार, वीज, गॅस, तुटलेले ग्लास आणि उरलाच तर नफा. म्हणजे मोक्याच्या चौकातल्या हॉटेलात तुम्ही चौकाचं भाडं खात असता. तीच हातोटी असलेला स्वयंपाकी दोन गल्ल्या आत, वीस-पंचवीस खुर्च्यांची जागा चालवत असेल तर तिथे तेवढ्याच पैशांत ताटात जास्त येतं. छोटी जागा, मालक स्वतः गल्ल्यावर किंवा स्वयंपाकघरात, आणि एका पानात मावणारा मेनू, हे तिन्ही जुळलं की मी तरी फार खोलात जात नाही.

मेनूच्या लांबीवरून बरंच कळतं. तीन स्वयंपाकी आणि १२० पदार्थ असतील तर उघड आहे, बरंचसं आधी करून गोठवलेलं आहे किंवा चार रश्शांना तीस नावं दिलेली आहेत. पंचवीस-तीस पदार्थ असतील तर ते रोज विकले जातात, माल रोज फिरतो.

खर्चाचा अंदाज घ्यायची माझी पद्धत ढोबळ आहे, पण क्वचितच फसली. मुख्य पदार्थांच्या यादीतली मधली किंमत घ्या, माणसांच्या संख्येने गुणा आणि दुप्पट करा. आधीचं, गोड, पेय, कर, सगळं त्यात साधारण बसतं. दारू असेल तर हा हिशेब सोडून द्या, ती वेगळी धरा. बिल फुगतं ते तिथेच. तो आकडा बघून पोटात गोळा येत असेल तर हॉटेल बदला. महागड्या जागी जाऊन "एवढं नको, हे अर्धं अर्धं घेऊ" करत बसलेलं कुटुंब मी खूप बघितलंय. वडील मेनूकार्ड उजवीकडून वाचायला लागतात, आकड्यांच्या रांगेवरून, आणि मग म्हणतात, "मला फारशी भूक नाही." साध्या जागी सढळ हाताने मागवलेलं जेवण त्यापेक्षा शंभरपट साजरं होतं.

फोनवर हे विचारून घ्या: किमतीत कर धरलेत का, सेवा शुल्क लावता का आणि किती, पिण्याचं साधं पाणी मिळतं की बाटलीच घ्यावी लागते, बाहेरून केक आणला तर चालतो का आणि कापून वाढायचे पैसे घेता का. शेवटचा प्रश्न लोक विसरतात आणि ऐनवेळी तोंडं वाकडी होतात, दोन्हीकडची. ठरावीक दराचं जेवण असेल तर त्यात पेय धरलंय का आणि मुलीचे पूर्ण पैसे लागतील का, तेही.

तारखेचा हट्ट सोडता आला तर निम्मं काम झालं. त्याच स्वयंपाकघरात, त्याच माणसांच्या हातचं जेवण आठवड्याच्या मधल्या वारी वेगळं लागतं, कारण स्वयंपाक्याला ताट बघायला वेळ असतो. गर्दीच्या रात्री ऑर्डरी एकेक येत नाहीत, लाट येते. पाऊण तासात अख्खा हॉल मागणी नोंदवतो आणि त्यातली सातजणांची ऑर्डर सगळ्यात नकोशी, कारण सातही ताटं एकदम निघायला हवीत. लाटेत सापडलात तर तिघांचं आधी येतं, चौघे बघत बसतात. त्यामुळे हॉटेल उघडल्यावर अर्ध्या तासाच्या आत बसा. आई-बाबांना लवकर जेवायची सवय असेल तर दुधात साखर. फक्त एक विचारून ठेवा, "टेबल आमच्याकडे किती वेळ?" लवकरची वेळ देताना काही जण पुढचं बुकिंग लावून ठेवतात आणि दीड तासाने वेटर रिकामे ग्लास जरा जास्तच तत्परतेने उचलायला लागतो. सातजणांना निवांत जेवायला अडीच तास लागतात. तेवढे मिळणार नसतील तर दुसरी जागा बघा. दुपारचं जेवण हाही पर्याय आहे. बऱ्याच ठिकाणी दुपारी दर कमी असतात आणि गोंगाटही.

ताऱ्यांचं काय करायचं? बाजूला ठेवा. पाच तारे उत्साहात दिलेले असतात, एक तारा रागात. तीन तारे देणारा माणूस सहसा नीट आठवून लिहितो, त्याचं वाचा. आणि अभिप्रायांत शब्द शोधा: आवाज, गोंगाट, थांबावं, घाई, आजी, वाढदिवस. "मस्त वातावरण, भन्नाट संगीत" असं वीसजणांनी लिहिलंय म्हणजे तुमच्यासाठी ते वीस इशारे आहेत.

मग उरलेल्या दोन ठिकाणी स्वतः जाऊन या, ज्या वारी आणि ज्या वेळी न्यायचंय त्याच वारी त्याच वेळी. पूर्ण जेवू नका, सूप घ्या. हॉलच्या मधे बसून शेजारच्या टेबलावरचं बोलणं शब्दन् शब्द कळतंय का बघा. कळत असेल तर टेबलं फार चिकटून आहेत, तुमचंही त्यांना कळणार. स्वच्छतागृहात जा, वाटेत पायरी आहे का, ओलं आहे का. वेटर मान वर करून चालतात की खाली घालून, हे बघा. खाली घालून चालणाऱ्याला पाण्यासाठी तीनदा हाक मारावी लागते. परत जाणारी ताटं बघा, त्यात किती उरलंय. हे शेवटचं मी आजही कुठेही गेलो की बघतो, बायको वैतागते.

बुकिंगचा फोन दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या मधल्या रिकाम्या वेळेत करा. ऐन गर्दीत फोन उचलणारा तुम्हाला सगळ्याला "हो, होईल" म्हणतो आणि काहीही लिहून घेत नाही. निमित्त सांगा, वयं सांगा, कुणाला कशाची ॲलर्जी असेल तर तेव्हाच सांगा. टेबलावर बसून सांगितलेली ॲलर्जी स्वयंपाकघराला घाईत कळते, आदल्या दिवशी सांगितलेली फळ्यावर लिहिली जाते. आणि स्टाफने टाळ्या वाजवत गाणं म्हणायचं की नाही, हेही स्पष्ट करा. तुम्ही गप्प राहिलात तर ते म्हणतात. काही आईवडील खुलतात, काहींना धरणी पोटात घेईल तर बरं असं होतं. तुमचे यातले कुठले ते तुम्हालाच ठाऊक.

छतावरच्या हॉटेलाबद्दलही तुम्ही विचारलंय. मोकळी हवा मिळाली तर बरं, पण वारा, जिना आणि स्पीकर, तिन्ही एकदम तपासावं लागतं. सत्तरीतल्या दोघांना घेऊन मी गेलो नसतो.

बिलाचं एक राहिलं. तुमचे बाबा खिशात हात घालणार, हे मी त्यांना न भेटताही सांगू शकतो. पंधरा मिनिटं आधी पोचा, कॅप्टनला गाठा, कार्ड त्याच्याकडे द्या किंवा अंदाजे रक्कम जमा करा आणि सांगा, बिल टेबलावर आणायचं नाही. तुम्ही स्वतः वाटेच्या कडेच्या खुर्चीवर बसा, म्हणजे उठून काउंटरला जाताना कुणाला सरकावं लागत नाही. एका बाबांनी आमच्या कॅप्टनला हात धुवायच्या निमित्ताने आत गाठून दुप्पट टिप देऊ केली होती, बिल मुलाला न देता त्यांना द्यावं म्हणून. कॅप्टनने टिप घेतली नाही. बिल मात्र त्यांनाच दिलं. मुलगा माझ्याकडे भांडायला आला, तेव्हा बाबा मागे उभे राहून मला डोळा मारत होते.